भिंगारमध्ये शिवलेलं आकाश

चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी आमची शाळा उशिरापर्यंत उघडी होती. मी नगरजवळच्या, लष्करी छावणी असलेल्या भिंगारमधल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना ते उतरणं थेट दाखवायचं ठरलं, म्हणून हॉलमध्ये पडदा लावला, सतरंज्या अंथरल्या. पडद्यावर बराच वेळ नुसते आकडे आणि एक वाकडी रेघ. मुलांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, मला थोडंफार कळत होतं, तरी सगळे गप्प होते. यान टेकलं तसा हॉल असा उसळला, की बाहेरच्या रस्त्यावरून जाणारा एक जवान सायकल थांबवून खिडकीतून डोकावला आणि आमच्याबरोबर टाळ्या वाजवू लागला.

मग मुलं मैदानात पळाली. त्या वर्षी ऑगस्ट कोरडाच चालला होता. आभाळ बऱ्यापैकी मोकळं होतं आणि अर्धा चंद्र वर आला होता. मी बोट करून दाखवलं, “त्या खालच्या टोकाकडे बघा. आपलं यान आत्ता तिथं उभं आहे.” सगळ्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. दोघातिघांना ते दिसलंसुद्धा.

आठवीतली एक मुलगी माझ्याजवळच उभी होती. वर्गात फारशी न बोलणारी. तिनं विचारलं, “मॅडम, तारे कुठंयत?”

“आहेत की. अजून उजेड आहे ना, म्हणून दिसत नाहीत.”

“म्हणजे शाळेच्या वेळात ते आपल्याला कधीच दिसणार नाहीत?”

मी म्हटलं, पुण्याला तारांगण आहे, तिथं भरदिवसा दिसतात. “पुण्याला,” ती म्हणाली आणि तिनं मान हलवली. भिंगारहून पुणे काही जगाच्या टोकाला नाही. एसटीनं सकाळी निघालं तर जेवायच्या वेळी पोचता येतं. पण तिनं मान ज्या प्रकारे हलवली, त्यावरून तिच्या हिशेबात पुणे आणि चंद्र यांत फारसा फरक नव्हता. तिची ती मान मला घरी येईपर्यंत दिसत राहिली.

मी स्वतः तारांगण एकदाच पाहिलं होतं, बी.एड.ला असताना. माझं माहेर तिसगावचं, पाथर्डी तालुक्यातलं. लहानपणी खळ्यावर झोपून आम्ही ताऱ्यांकडे बघायचो, पण बघायचो म्हणजे काय, ते असायचेच वर, जसं घरावर छप्पर असतं. तारांगणात दिवे मालवले आणि घुमटावर तेच आकाश उगवलं, तेव्हा कुणीतरी मला त्या प्रत्येकाचं नाव सांगत होतं. आपण इतकी वर्षं ज्यांच्याखाली झोपलो त्यांना नावं आहेत, हे कळून मला अंधारात रडू आलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शाळेची पुण्याची सहल काढायची मी खटपट केली. ती त्या वर्षी जमली नाही. कारणं नेहमीची होती, ती सांगत बसत नाही.

आमच्या गल्लीत समोर एक चाचा राहतात. तरुणपणी ते फौजेचे तंबू शिवायचे. नंतर त्यांनी स्वतःचा धंदा काढला, लग्नसराईत मांडव आणि जत्रांमध्ये मुलांना उड्या मारायला हवेनं फुगवायचा किल्ला. त्याला आमच्याकडे सगळे ‘जंपिंग’ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस ते गल्लीतच किल्ला फुगवून त्याच्या फाटक्या बुरुजाला ठिगळ लावत होते. मोटरचा पंखा घूं घूं करत होता आणि एवढं मोठं धूड नुसत्या हवेवर उभं होतं. मी भाजीची पिशवी हातात घेऊन बघत राहिले.

“चाचा, हे आतून पोकळ असतं ना?”

“हवाच हवा आहे बाई. का? बसायचंय?”

“मला नाही. तीस मुलांना. पण वर उड्या मारायला नाही, आत बसायला. आतून काळं, बाहेरून काही का असेना.”

त्यांनी सुई बाजूला ठेवली. मी तिथंच उकिडवी बसून त्यांना समजावलं. अर्ध्या चेंडूसारखा एक तंबू, खांब नाही, काठ्या नाहीत, फक्त पंख्याच्या हवेवर उभा. आत अंधार. शाळेचा प्रोजेक्टर आणि वळणावर समोरची गाडी दिसावी म्हणून लावतात तसला एक फुगीर आरसा. प्रोजेक्टरचा झोत त्या आरशावर मारला की चित्र पसरून सगळ्या घुमटावर पडतं. असं घरच्या घरी करणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिले होते. आकाश दाखवणारा प्रोग्राम तर कॉम्प्युटरवर फुकट मिळतो, त्यात आपलं गाव निवडलं की आपल्या गावावरचं आकाश.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. “आणि त्यात मुलं काय करणार?”

“तारे बघणार.”

“दिवसा?”

“दिवसा.”

“दिवसा तारे दाखवायचे,” ते हसले, “हे काम तर आमच्या फौजेतल्या उस्तादचं होतं. एक चपराक दिली की दिसायचे.” पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतःच दारात आले. हातात काळ्या कापडाचे दोन नमुने होते.

घुमट शिवायचा म्हणजे संत्र्याच्या फोडींसारख्या पाकळ्या कापायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. आकार काढणं माझं काम. आमच्या पुढच्या खोलीत मी वर्तमानपत्रं चिकटवून पाकळीचा साचा केला. माझे पती इथल्याच एका लष्करी कार्यालयात नागरी नोकरीत आहेत. ते ऑफिसातून येऊन दारातच थांबायचे, कारण पाय ठेवायला जागा नसायची. “चहा मिळेल का, की आता थेट आकाश झाल्यावर?” असं विचारायचे आणि मग स्वतःच चहा टाकायचे, माझ्यासाठीसुद्धा.

पहिला घुमट फुगवला तेव्हा तो गोल न होता वर टोकदार निघाला. शिलाईत जे कापड जातं ते मी धरलंच नव्हतं, आणि चाचांनीही साच्यावर भरवसा ठेवून विचारलं नाही. दोघं लांब उभं राहून बघत होतो.

“बाई, हा तर कांदा झाला,” चाचा म्हणाले.

चाची दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “नगरमध्ये कांदाच होणार, दुसरं काय.” आणि आम्ही तिघं खूप हसलो. मग उसवणं, परत कापणं, परत शिवणं. चाचा दुकानातलं काम संपवून मशीनवर बसत. नाताळाच्या सुमारास दुसरा घुमट उभा राहिला. हा मात्र गोल होता. म्हणजे पुरेसा गोल.

पहिला खेळ आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये, आठवीच्या वर्गासाठी. मुलं रांगत आत गेली. मी प्रोजेक्टर चालू करायच्या आधीच आतून गलका झाला, “तारे दिसले! तारे दिसले!” मी वर पाहिलं. शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून बाहेरचा ऊन-उजेड आत येत होता आणि घुमटावर वरपासून खालपर्यंत सरळ रांगांत बारीक ठिपके चमकत होते. मी म्हटलं, अरे, हे तारे नाहीत, ही चाचांची शिलाई आहे. एक मुलगा म्हणाला, “असू दे मॅडम, चांगली आहे.”

मग खरं आकाश लावलं. मृग, त्याच्या पट्ट्यातले तीन तारे, खाली व्याध. कृत्तिकांचा पुंजका. मी एकेकाचं नाव सांगत गेले. ती न बोलणारी मुलगी अगदी आरशाजवळ बसली होती. मी ध्रुवतारा दाखवला आणि आकाश भरभर फिरवलं, सगळे तारे त्याच्याभोवती गरगरले, तेव्हा तिनं शेजारणीचा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ते सगळे आत्तापण वर आहेत.” ते मृग-व्याध त्या क्षणी नेमके पायाखालच्या बाजूला होते, पण मी तिला दुरुस्त केलं नाही. ते दुसऱ्या दिवशी शिकवलं.

टाके झाकायला चाचांनी आतून पट्ट्या लावल्या. आणि बोलावणी येऊ लागली. आधी शहरातल्या शाळांची, मग खेड्यांतली. शनिवारी शाळा सुटली की आम्ही चाचांच्या टेम्पोत घुमट टाकून निघायचो.

तिसगावच्या शाळेचं बोलावणं आलं तेव्हा मी नवीन साडी नेसून गेले. माहेर ते माहेर. बाजाराचा दिवस होता, रस्त्याला गर्दी. शाळेच्या मोठ्या खोलीत घुमट उभारला, पाचवी-सहावीची मुलं आत बसली, आणि मी गुरूच्या चंद्रांबद्दल बोलत असताना लाईट गेली.

पंखा थांबला. प्रोजेक्टर विझला. मिट्ट काळोख, आणि त्यात वरचं कापड हळूहळू खाली येताना जाणवायला लागलं. मला आधी गरम प्रोजेक्टर आठवला. मी चाचपडत त्याच्यावर ओणवी झाले आणि पाठीवर कापड झेललं. कुणीतरी रडायला लागलं. मी ओरडत होते, “घाबरू नका, बसा, बसा,” पण माझाच आवाज घाबरलेला होता, आणि मुलांना ते कळतं.

तेवढ्यात एका मुलीचा मोठा आवाज आला, “ए, समद्यांनी हात वर करा!”

आणि त्यांनी केले. बसल्या बसल्या, मग गुडघ्यांवर उभं राहून, सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. कापड खाली यायचं थांबलं. तीसेक मुलांनी तो घुमट तळहातांवर तोलून धरला होता. रडणारं पोर गप्प झालं. कुणीतरी खिदळलं, मग सगळेच. चाचांनी बाहेरून दार वर उचललं, उजेड आला, आणि मुलं एकेक करून हात वर धरूनच बाहेर पडली.

कुणाला काही झालं नाही. पण दारात बाजाराला आलेला एक बाप उभा होता. तो मला म्हणाला, “बाई, पोरं आत गुदमारली असती म्हंजी?” तो रागावलेला नव्हता. त्याला उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “तुमचं बरोबर आहे.”

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी चाचांना सांगितलं की आता बास. आपलं काम शिकवणं, ही असली धाडसं नव्हेत. त्यांनी आधी टेम्पो करंजीच्या घाटातून खाली आणला. मग म्हणाले, “दुसरं दार पाहिजे. समोरासमोर दोन दारं. आणि बॅटरीवर चालणारा एक पंखा.” मी पुन्हा म्हटलं, “चाचा, मी बास म्हणतेय.” ते म्हणाले, “बाई, तो माणूस नको नाही म्हणाला. गुदमरतील म्हणाला. तर गुदमरू नये असं शिवायचं.”

मी आठवडाभर त्यांच्याकडे फिरकले नाही. मग तिसगावच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. त्या म्हणाल्या, मुलं विचारतायत, गुरूचे बाकीचे चंद्र कधी दाखवणार.

दोन दारं झाली. वरच्या कडेला झडपा झाल्या, त्यांतून हवा खेळती राहते. इन्व्हर्टरची बॅटरी आली. आम्ही परत गेलो. या वेळी मी आधी तो बाप कुठं भेटेल याची चौकशी केली आणि त्याला बोलावून घेतलं. तो घुमटाभोवती एक फेरी मारून आला, दोन्ही दारं उघडून पाहिली, पंखा बंद करून दुसरा चालू होतो का ते पाहिलं. मग चप्पल काढून मुलांबरोबर आत जाऊन बसला. त्याच्यामागून भाजीच्या पाट्या बाहेर ठेवून चार-पाच बायका शिरल्या. मी आकाश लावलं तशी एक म्हातारी म्हणाली, “ह्ये तर बाजंचं पाय. आन् ह्ये तीन चोर.” सप्तर्षींना आमच्याकडे बाज म्हणतात, म्हणजे खाट, तिच्या चार पायांमागे तीन चोर लागलेले. मला ते माझ्या आजोबांनी खळ्यावर सांगितलं होतं आणि मी विसरून गेले होते. मी तिला म्हटलं, “आजी, सांगा की पोरांना.” तिनं सांगितलं. त्या दिवशी गुरूचे चंद्र राहूनच गेले.

असं दीड-दोन वर्षं चाललं. एकदा चाचांच्या घरी शीरखुर्मा खाताना चाची म्हणाल्या, “बाई, तुम्ही सगळ्या जिल्ह्याला आकाश दाखवलं. ह्या माणसानं अजून पाहिलेलं नाही.”

मी चमकले. खरंच होतं. खेळ चालू असताना चाचा कायम बाहेर, पंख्यापाशी. तिसगावनंतर तर ते पाणी प्यायलासुद्धा उठत नसत. मी म्हटलं, चाचा, सांगायचं नाही का? ते म्हणाले, “शिवताना पाहिलंय की आतून.”

पुढच्या रविवारी आम्ही चाचांच्याच मांडवाच्या गोदामात घुमट फुगवला. पंख्यापाशी चाची खुर्ची टाकून बसल्या. आत फक्त आम्ही दोघं. मी त्यांना मुलांसारखं शिकवायला गेले नाही. भिंगारवरचं हिवाळ्यातलं आकाश लावलं, दिवे नसते तर कसं दिसेल तसं. आकाशगंगेचा पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला होता.

त्या पट्ट्याकडे बघत ते म्हणाले, “तंबू घेऊन माळावर जायचो तेव्हा असंच असायचं. मग दिसेनासं झालं. मला वाटलं, माझी नजर गेली.”

“नजर नाही चाचा. गावात दिवे वाढले.”

“हां,” ते म्हणाले. मग बाहेर पडताना, डोळे पुसत, “उत्तरेकडची एक शिवण ओढली गेलीय. तिथं तारे वाकडे दिसतात. काढून घेतो.”

गेल्या वर्षी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला एक दुर्बीण दिली. घुमटातलं आकाश कितीही केलं तरी चित्रच. खरं काहीतरी दाखवता येईल म्हणून मी ती टेम्पोत बरोबर घेऊ लागले. डिसेंबरात शनिशिंगणापूरच्या बाजूला एका शाळेत खेळ होता. तो संपेपर्यंत दिवस मावळला. दक्षिणेला शनी चांगला वर होता, म्हणून शाळेच्या अंगणात दुर्बीण लावली. मुलांची रांग लागली. दिवेलागणीची वेळ होती, देवळाकडून घंटेचा आवाज येत होता.

मुलांना न्यायला आलेल्या आयांमध्ये एक चाळिशीची बाई होती. देवळाच्या वाटेवर तिचं तेलाफुलांचं दुकान. तिची मुलगी तिला ओढत होती, “आई, तू पन बघ ना,” आणि ती पदर सावरत मागे सरत होती. मला वाटलं, घाबरतेय. इथं शनीबद्दल बोलताना मी जपूनच बोलते. मी म्हटलं, “ताई, नको वाटत असेल तर राहू द्या.”

“नको न्हाई ओ,” ती म्हणाली. “हात तेलाचं हायती. तुमच्या मशिनीला लागायचं.”

मी तिला हात न लावता कसं बघायचं ते दाखवलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकली. त्या दिवसांत शनीची कडी आपल्या बाजूनं जवळजवळ आडवी आलेली होती, त्यामुळे ती रुंद न दिसता, मण्यातून सुई आरपार जावी तशी बारीक दिसत होती. ती हलेना. मागची मुलं कुरकुरायला लागली.

“दिसतंय का?” मी विचारलं.

“व्हय. लई बारीक हाय. पन हाय.” ती अजून वाकलेलीच होती. “आमचं समदं घर त्याच्यावर चालतं, बाई. सासऱ्यांच्या टायमापासून. म्हनलं, एकदा त्याचं तोंड तर बघावं.” मग जरा थांबून, “एवढ्या लांब एकलाच असतो व्हय?”

“एकटा नाही. त्याला पुष्कळ चंद्र आहेत. शंभराच्या वर.”

“मंग बरं हाय,” ती म्हणाली आणि सरळ झाली. तिच्या तोंडावर असं समाधान होतं, जसं लांबच्या गावी गेलेल्या माणसाची खुशाली कळावी.

ती मुलीला घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. पण आम्ही आवराआवर करायला लागलो तोवर ती परत आली. बरोबर शेजारच्या दुकानातली दोन माणसं, एक रसवंतीवाला, आणि कडेवर बाळ घेतलेली एक नवी सून. “ह्येंनाबी दावा,” ती म्हणाली. “मी सांगितलंय, हात मागं बांधायचे.”

चाचांनी टेम्पोचं मागचं दार उघडलं, दुर्बिणीची पेटी पुन्हा खाली काढली आणि मला म्हणाले, “बाई, लावा.”